टाके, ओवा आणि शेजाऱ्यांचा बार्बेक्यू

आई,

तुम्ही हीथ्रोला उतरलात तेव्हा मला बसता येत नव्हतं, म्हणून तुम्हाला घ्यायला मी आलेच नाही. शहाऐंशी सालचा फेब्रुवारी, मिल्टन कीन्समधलं आमचं नवंकोरं घर आणि वरच्या खोलीत एका कुशीवर पडलेली तुमची सून. तुमचं तिकीट बाळाच्या तारखेच्या आधीचं होतं, पण तुमच्या नातीला धीर निघाला नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे खरं तर तुम्हीच मला लग्नात सांगितलं होतंत. पण नाशिकला माझ्या वहिनीचे दिवस त्याच महिन्यात भरत होते, तिचं दुसरं, म्हणजे सासरीच व्हायचं, आणि माझी आई काही दोन तुकडे करून अर्धी विमानात बसवू शकत नव्हती. तिनं तुम्हाला फोन केला आणि तुम्ही "मी जाते" म्हणालात, तेव्हा सगळ्या घरानं म्हणे एकमेकांची तोंडं पाहिली. कारण तुमची ख्याती होती ती कुठेही न जाण्याबद्दल. "मला गाडी लागते" हे तुमचं वाक्य लग्नाच्या आधीपासून माझ्या कानावर होतं. पुतणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेला नाहीत, धाकट्या जावेबरोबर काशीला गेला नाहीत, मैत्रिणींच्या सहली तर विचारूच नका. आणि अशा तुम्ही, नऊवारीवर तुमच्या मुलाचा जुना स्वेटर घालून, डिंक, खारीक, अळीव, ओवा आणि बाळंतशेपांच्या पुरचुंड्या घेऊन थेट विलायतेत. खाली दार उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ ह्यांचा वैतागलेला आवाज, "आईनं विमानात काही खाल्लं नाही, पाणीसुद्धा नाही, एकादशी म्हणे!" तुम्ही हातपाय धुऊन वर आलात. मला वाटलं आधी नातीला घ्याल. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "कुठं दुखतंय ते सांग."

मी म्हटलं, "टाके आहेत थोडे." थोडे! बाळाचं डोकं येताना मी खाली फाटले होते, अगदी मागच्या वाटेपर्यंत, आतल्या स्नायूसकट. मला ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन शिवलं. शिवणाऱ्या डॉक्टरणीनं छान समजावून सांगितलं, पण माझ्या कानात त्या वेळी फक्त पोरीचं रडणं होतं, आणि मी जगातली सगळ्यात भाग्यवान बाई असल्यासारखी दात काढत पडले होते. हे डॉक्टर खरे, पण डोळ्यांचे. गळ्याच्या खालचं त्यांना कितपत आठवत होतं देव जाणे. घरी आल्यावर त्यांनी माझ्यासाठी रबरी टायर आणला, त्यावर बसायचं म्हणून, आणि आपण काहीतरी मोठं केल्यासारखे दिवसभर खूश होते. टाक्यांचं दुखणं मला सोसत होतं. दुसरं जे होतं ते सोसत नव्हतं. वारा सरायचा तो मला न विचारता. संडासला जायची भावना झाली की पळायचं, आणि पळता तर येत नाही. दोनदा पोचलेच नाही. एकोणतीस वर्षांची मी, कॉम्प्युटरवर काम करणारी, पोरगी थोडी मोठी झाली की ऑफिसला परत जायचं ठरवलेली, आणि आपण आता जन्मभर अशाच राहणार, चारचौघांत बसायच्या लायकीच्या उरलो नाही, ही एकच गोष्ट माझ्या मनात दिवसरात्र होती. आणि ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही, हे मी पक्कं ठरवलं होतं. कमी खाल्लं की कमी त्रास, म्हणून तुमचे लाडू मी अर्धे उशीखाली सारायचे. दूध कमी झालं ते त्यामुळे, हे मला कळत होतं, तरी सारायचेच.

रोज सकाळी मिडवाइफ यायची. वेल्सची, आडव्या हाडाची, हात गरम. जिना चढताच विचारायची, "एनी ट्रबल विथ युअर बॉवेल्स, लव्ह?" आणि हे चहाचा ट्रे घेऊन दारात उभे, तुम्ही बाळाला तेल लावत पलंगापाशी बसलेल्या, मी काय सांगणार? "नो, नो. फाइन." तिनं टाके बघितले, मिठाच्या पाण्यात बसायला सांगितलं, आणि म्हणाली की टाके कोरडे राहायला हवेत, टॉवेलनं पुसू नकोस, हेअरड्रायर घे, गार वाऱ्यावर ठेव आणि लांबून धर. त्या काळी तसंच सांगत. मी तुम्हाला मराठीत समजावलं तेव्हा तुमचा चेहरा असा काही उजळला! "म्हणजे शेकच की! मग ही गोरी बाई आपल्यातलीच आहे. हिला सांग, आम्ही ओवा आणि शेपाही घालतो." मी तिला सांगितलं नाही. तुम्ही मात्र तेवढ्यावर ठरवूनच टाकलंत की सरकारी दवाखान्याचीच परवानगी मिळाली आहे, तेव्हा आता धुरी झालीच पाहिजे, आणि धुरीला निखारे पाहिजेत.

मिल्टन कीन्समध्ये फेब्रुवारीत निखारे! ह्यांनी समजावलं, चिडून सांगितलं, टाक्यांजवळ विस्तव नेऊ देणार नाही म्हणाले, आणि शेवटी, आई आणि बायको दोघींपुढे टिकाव लागत नाही म्हणून, शेजारच्या आजोबांकडे बार्बेक्यू मागायला गेले. ते कशाला पाहिजे हे सांगायची सोय नव्हती. आजोबा म्हणाले, "बार्बेक्यू? इन फेब्रुवारी?" हे म्हणाले, "माय मदर इज फाँड ऑफ इट." बास. आजोबांनी कोळशाच्या पिशवीसकट दिला. ह्यांच्या अटी अशा: गॅरेजचं दार अर्धं वर उघडं, बाळ गॅरेजमध्ये येणार नाही, आणि मी निखाऱ्यांवर नाही, हातभर लांब उभं राहायचं. तुम्हाला ते मुळीच पसंत नव्हतं. गॅरेजमध्ये उन्हात पडायची घडीची खाट होती, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची, तिच्याकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "बाज घरात असताना सून उभी?" ह्यांनी ती पट्टी बोटानं वाकवून दाखवली, वितळते म्हणून. मग मी शाल पांघरून उभी, तुम्ही मूठभर ओवा टाकलात, आणि खरंच सांगते आई, तो वास आला आणि कमरेपर्यंत ऊब चढली तेव्हा हॉस्पिटलमधून आल्यापासून पहिल्यांदा माझं अंग सैल पडलं. शनिवार होता, बाहेर लख्ख थंड ऊन होतं. आणि अर्ध्या उघड्या दाराखालून दोन जोड बूट दिसले, मग गुडघे, मग वाकून आत आलेले आजोबा आणि त्यांची बायको. तिच्या हातात सॉसेजेसचं पाकीट आणि पाव, त्यांच्या हातात बिअर. "वी सॉ द स्मोक!"

मी शाल आवळून स्वयंपाकघरात पळाले. पळाले म्हणजे काय, बदकासारखी गेले. दार किलकिलं ठेवून सगळं ऐकलं. आजोबांनी विचारलं, हा वास कसला. हे म्हणाले, "हर्ब्ज." बिचाऱ्या आजीबाईंनी सॉसेजचं पाकीट तुमच्या हातात दिलं. जन्मात अंड्याला न शिवलेल्या तुम्ही, हे काय आहे हे न कळताच, पाहुण्यांनी आणलेलं म्हणून ते दोन्ही हातांनी घेतलंत, कपाळाला लावलंत आणि म्हणालात, "बसा बसा. लाडू देते." ह्यांनी घाबरून ते तुमच्या हातातून काढून घ्यायचा प्रयत्न केला, तर तुम्ही त्यांनाच दटावलंत, "पाहुण्यांसमोर ओढाओढ करू नकोस, भुकेला आहेस का?" आणि मग त्या इंग्रज म्हाताऱ्यांनी बाळंतिणीच्या धुरीवर हात शेकत, बिअरबरोबर डिंकाचे लाडू खाल्ले. "व्हेरी नटी," आजोबा म्हणाले. "हॅव यू गॉट द रेसिपी?"

मी सिंकला धरून हसत होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात शालीचा बोळा. इतकी हसले, इतकी हसले, की पोटातून उमाळे येत होते आणि टाके ओढले जात होते. आणि त्या हसण्यात वारा सरला, नुसता वाराही नाही. मी तशीच उभी. गाऊनखाली पायावरून ओघळतंय आणि दाराच्या पलीकडे दोन परकी माणसं हसतायत. मग हसण्याचं रडणं कधी झालं मला कळलं नाही. तुम्ही लाडवांचा डबा भरायला आत आलात. पाहिलंत. डबा ओट्यावर ठेवलात, बाहेर डोकावून मुलाला म्हणालात, "पाहुण्यांना बाग दाखव," बागेत एक झाड नव्हतं, आणि दार लावून घेतलंत. मला न्हाणीघरात नेलंत, कोमट पाण्यानं पाय धुतलेत, लहान पोरीचे धुवावेत तसे. मी म्हटलं, "आई, तुम्ही नका हात लावू." तुम्ही म्हणालात, "गप. हे मला नवीन नाही."

आणि मग तुम्ही न्हाणीघराच्या त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून मला ते सांगितलंत. की तुमचा मुलगा जन्मला तेव्हा तुमच्या माहेरी सुईण होती, मूल मोठं होतं, आणि तुम्हीही अशाच फाटलात. शिवलं कुणी नाही. पाय एकमेकांना बांधून आडवं ठेवलं, आपोआप जुळेल म्हणून. "वरनं जुळलं. आतलं राहिलं." तेव्हापासून मऊ धुतलेल्या धोतराची घडी रोज. कीर्तनाला गेलात तर दाराशी. घरात सदा उदबत्ती, ती देवासाठी कमी. मामंजींनाही माहीत नव्हतं, तुम्ही म्हणालात, एका खोलीत जन्म काढून. आणि गाडी? "मला कुठली गाडी लागते? गाडीत सगळ्यांमध्ये कोंडून बसायचं, मध्येच उतरता येत नाही, म्हणून लागते." विमानातली एकादशी तेव्हा माझ्या डोक्यात लखकन उजेड पडावा तशी पडली. पुण्याहून मुंबई, मुंबईहून लंडन, घोटभर पाणी न पिता, हातपाय आखडून, बंद पेटीत, जी गोष्ट तुम्ही सख्ख्या पुतणीच्या लग्नासाठी केली नाहीत ती माझ्यासाठी केलीत. मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून पुन्हा रडले. तुम्ही म्हणालात, "रड. पण उद्या त्या नर्सबाईला सांग. मला कुणी विचारलंच नाही गं. तुला रोज विचारतायत आणि तू फाइन फाइन करतेस."

दुसऱ्या दिवशी मिडवाइफ आली. तुम्ही ह्यांना दूध आणायला पाठवलंत, फ्रिजमध्ये दूध असताना. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, आणि माझी जीभ, काय सांगू, सवयीनं पुन्हा "फाइ..." म्हणायला वळली. तेवढ्यात तुम्ही बाळाला मांडीवरून उचललंत, उभ्या राहिलात आणि म्हणालात, "नो फाइन. शी नो फाइन." तेवढंच इंग्रजी. मिडवाइफ बॅग खाली ठेवून पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "टेल मी." मी सगळं सांगितलं. तिनं नाक मुरडलं नाही, आश्चर्यही वाटलं नाही तिला. म्हणाली, पुष्कळ बायकांना होतं, पुष्कळ बायका सांगत नाहीत, सांगितलंस ते बरं झालं, आता आपण कामाला लागू. हॉस्पिटलला कळवते, फिजिओ बघेल, स्नायू शिवलेला आहे, त्याला पुन्हा शिकवायचं आहे. आणि आधी खा, म्हणाली, नीट खा. तुम्ही मला कोपरानं ढोसलंत, "माझंही विचार." मी विचारलं. तिनं तुमचा हात आपल्या गरम हातात घेतला आणि विचारलं, "हाउ लाँग?" मी तुमच्या मुलाचं वय सांगितलं. तिचे डोळे भरून आले, आणि तुम्हीच तिला थोपटायला लागलात.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे होते, हे मी कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. फिजिओबाईनं शिकवलं, लिफ्टमध्ये परक्या माणसांबरोबर उभी आहेस आणि वारा येतोय, काय करशील? ते कर, धर, आणि सोड. तुम्ही लिफ्टमध्ये कधी गेला नव्हतात, म्हणून तुम्ही त्याचं "सत्यनारायणाच्या पूजेत बसलीयस असं समज" असं करून टाकलंत. पोळ्या लाटताना आपण दोघी ओट्याशी उभ्या, तुम्ही हुकूम सोडायच्या, "आवळ... धर... धर... पोळी करपली तरी चालेल, धर... सोड." ह्यांनी एकदा विचारलं, तुम्ही दोघी श्वास रोखून काय करता? तुम्ही म्हणालात, "जप." त्यांना अजून तसंच वाटतं. मी खायला लागले, दूध आलं, पोरीच्या गालांना टपोरेपणा आला. कधी दोन पावलं पुढे, कधी एक मागे. एखाद्या वाईट दिवशी मी हातपाय गाळून बसले की तुम्ही माझ्या शेजारी बसायच्या आणि म्हणायच्या, "तुझं चार दिवसांचं दुखणं, माझं पोरगं तीस वर्षांचं झालं. चल, आवळ." आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाशी, सुपरमार्केटमध्ये, मसाल्यांच्या रांगेत, मिऱ्यांची पुडी फुटलेली होती. मला एकामागून एक शिंका आल्या. मी थांबले. वाट पाहिली. काही नाही. कोरडी ठणठणीत. तुम्ही लांब भाज्यांपाशी दोडका नाही म्हणून दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत होतात, आणि मी अख्ख्या दुकानातून ओरडले, "आई! शिंकले! चार वेळा!" तुम्ही हातातली फ्लॉवरची गड्डी तशीच वर उचलून नाचवलीत. आजूबाजूचे लोक बघत होते. बघू देत, म्हटलं.

तुमचं एवढ्यानं भागणार नव्हतं. फिजिओबाईनं सांगितलं की इतक्या जुन्या दुखण्याला व्यायामानं थोडं बरं वाटेल, पण शिवून घ्यावं लागेल, आणि आता तसं करता येतं. "ह्या वयात?" तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "ह्या वयात." पुण्याला गेल्यावर तुम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलात, घरी हर्निया सांगितलंत, आणि करून घेतलंत. मग एका संध्याकाळी फोन वाजला. बूथवरून करत होतात, मागे रिक्षांचा आवाज. म्हणालात, "मी कोल्हापूरला जाऊन आले. एसटीनं. मधल्या सीटवर बसून." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता, मिनिटं पळतात म्हणून, ठेवून दिलात. त्यानंतर तुम्हाला घरात कोण धरून ठेवणार? काशी झाली, रामेश्वर झालं, ज्या मैत्रिणींना इतकी वर्षं नाही म्हणत आलात त्या दमल्या, तुम्ही दमेनात. नव्वदच्या सुमाराला धाकट्याच्या वेळी पुन्हा आलात. मला सिझेरियन करायचं ठरलं होतं, मागचं शिवलेलं जपायला. त्या वेळी मी कुशीवर नव्हते, पोट सांभाळत का होईना, तुम्हाला घ्यायला हीथ्रोला मी स्वतः आले होते. तुम्ही ट्रॉली ढकलत बाहेर आलात आणि पहिलं वाक्य काय, तर "विमानात दोनदाच जेवायला दिलं गं, तेही एवढंसं."

तुम्ही गेलात तेव्हा मी इकडे होते, पोचेपर्यंत सगळं झालं होतं. तुमच्या जावा सांगत होत्या की आदल्याच आठवड्यात तुम्ही जेजुरीला जाऊन आला होतात. मला फार रडू आलं नाही. तुम्ही शेवटची दहा वर्षं मनसोक्त हिंडलात, मांडी घालून कीर्तनात मध्ये बसलात, हे मनात होतं. ह्यांना मात्र नवल वाटतं, आईची गाडी लागायची कशी बंद झाली. मी म्हणते, हवापालट.

आता आज का लिहिते ते सांगते. तुमची ती घाईची नात केंब्रिजला असते, प्रयोगशाळेत. मागच्या महिन्यात तिला मुलगी झाली, आणि तीही फाटली, थोडीशी. मी बाळंतपणाला तिच्याकडे आले आहे. ती मला फोनवरच म्हणाली होती, "आई, मला टाके पडली आहे, खूप दुखतो, तू ये," तिचं मराठी तसंच आहे, पण लाज नावाची गोष्ट तिच्याकडे नाही, आणि मला ते इतकं आवडलं की मी ट्रेनमध्ये एकटीच हसत होते. मंगळवारी तिच्याबरोबर नव्या आयांच्या गटात गेले. सगळ्या पोरी सतरंजीवर, मांडीत बाळं, आणि बोलणं आपलं झोपेचं आणि दुधाचं. तुमची नात म्हणाली, "माय मम हॅज अ स्टोरी." आणि मी सांगितली. माझी सांगायची होती, पण माझी सांगता सांगता तुमची कधी सुरू झाली मला कळलं नाही. धोतराची घडी, बांधलेले पाय, दाराशी बसणं, विमानातला उपास, सगळं. पोरी हसल्या, मग बाळांना थोपटत पुढे सरकून ऐकू लागल्या. निघताना एक मुलगी कोट घालत घालत माझ्यापाशी थांबली. सगळ्यांत छान कपडे केलेली, सगळ्यांत कमी बोललेली. तिनं माझी बाही धरली आणि हळूच इंग्रजीत म्हणाली, "मला पण. मी कुणाला सांगितलं नाहीये." मी तिच्याबरोबर खाली बसले, आणि तिनं तिथंच फोन काढून दवाखान्याची वेळ घेतली.

तुम्ही ते मला एकटीला, दार लावून सांगितलं होतंत. जे मामंजींना कळलं नाही, तुमच्या मुलाला अजून कळू दिलेलं नाही, ते मी केंब्रिजच्या एका खोलीत परक्या पोरींना सांगून बसले, तुम्हाला न विचारता. त्याची माफी मागावी म्हणून हे लिहायला घेतलं होतं. पण इथवर आले आणि लक्षात आलं, मला माफी नकोच आहे. येत्या मंगळवारी त्यांनी मला पुन्हा बोलावलंय, आणखी चार जणी येणार आहेत, आणि मी जाणार आहे.